लेथ घेतल्या किमतीच्या निम्म्यालाही गेला नाही, तरी पूर्ण रकमेवर कर कसा?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेत स्वतःचा धंदा करणारे किंवा केलेले कुणी असतील तर कृपया हे सगळं वाचा. लांब आहे, पण आकडे दिल्याशिवाय विचारता येत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. लेथवर हात बसला तो शिवाजी उद्यमनगरात. २००४ पासून जर्मिस्टनला आहे आणि स्वतःचं जॉबवर्कचं वर्कशॉप चालवत होतो. शाफ्ट, बुश, पुली, खाणींच्या पंपांचे सुटे भाग अशी कामं. कंपनी केली नाही, सगळं माझ्याच नावावर. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून २०२४च्या शेवटी धंदा बंद केला. आता २०२५च्या कर वर्षाचं, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२५ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न जानेवारीच्या आत भरायचं आहे. हिशेबनिसाने कच्चा हिशेब पाठवला, तो बघून दोन रात्री झोप नाही.

आकडे सगळे व्हॅट वगळून आणि रँडमध्ये.

सीएनसी लेथ २०१६ साली कोरा घेतला, ९ लाखांना. नोव्हेंबर २०२४मध्ये ४ लाख २० हजारांना दिला. घेणाऱ्याने अख्खी दुपार घासाघीस केली. स्पिंडल चालू करून बेअरिंगला कान लावून बसला, टरेट दहा वेळा फिरवून पाहिला, आणि प्रत्येक वेळी पाच-दहा हजार खाली आणले. फोर्कलिफ्टने उचलून ट्रकवर चढवला तेव्हा फरशीवर कूलंटचा चौकोनी डाग तेवढा उरला. माझ्या हिशेबाने मला ४ लाख ८० हजारांचा तोटा झाला. हिशेबनिसाने मात्र पूर्ण ४ लाख २० हजार उत्पन्नात धरलेत आणि शेजारी लिहिलंय 'रिकूपमेंट'.

दुसरी गोष्ट शेड. २०१४ साली ६ लाखांची जमीन घेऊन १४ लाखांत बांधली. आता दोन्ही मिळून ३२ लाखांना गेली. हिशेबनिसाने १० लाख जमिनीचे आणि २२ लाख बांधकामाचे धरलेत. इथे नफा झाला हे मला मान्य आहे, कॅपिटल गेन लागणार हेही मान्य. पण त्याने बांधकामातले ७ लाख ७० हजार वेगळे काढून तेही 'रिकूपमेंट' म्हणून पूर्णच्या पूर्ण उत्पन्नात टाकलेत. राहिलेल्या १२ लाखांच्या नफ्यातून ४० हजार वजा आणि उरलेल्याचे ४० टक्के, म्हणजे ४ लाख ६४ हजार, करपात्र.

वर्षाचं धंद्याचं उत्पन्न ४ लाख ८० हजार होतं. एरवी त्यावर ९४ हजारांच्या आसपास कर बसला असता, आणि तेवढा मी प्रोव्हिजनलमध्ये, म्हणजे वर्ष चालू असतानाच्या आगाऊ करात, भरलाही आहे. नव्या हिशेबात एकूण कर ७ लाख ६९ हजार ९०४ निघतो. हा पैसा माझ्या म्हातारपणासाठी होता.

तोट्यात विकलेल्या यंत्रावर कर कसा, आणि शेडच्या नफ्याचा एक भाग ४० टक्क्यांनी तर दुसरा शंभर टक्क्यांनी का, एवढं कुणी समजावून सांगेल का? हिशेबनीस चुकतोय की मी?

मिडरँडकर

काका, मी आयटीत आहे, करातला जाणकार नाही. पण शेअर्सचं मला माहीत आहे. घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकलं की कॅपिटल लॉस होतो आणि तो नफ्यातून वजा होतो. त्या न्यायाने तुमचे लेथचे ४ लाख ८० हजार शेडच्या १२ लाखांतून वजा व्हायला हवेत. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा असं मला वाटतं.

वहीखाते, डर्बन

मिडरँडकर, शेअर्सवर कुणी घसारा घेत नाही, म्हणून तिथलं गणित इथे चालत नाही. दादांच्या हिशेबनिसाने लेथचं बरोबर केलंय. मी चौदा वर्षं छोट्या धंद्यांची रिटर्न्स भरते. हा प्रश्न धंदा बंद करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो, आणि विचारतो तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो. आधी कुणीच सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

दादा, आधी लेथ. कारखान्यात वापरायचं कोरं यंत्र घेतलं की आयकर कायद्याच्या कलम १२सी खाली त्याची किंमत चार वर्षांत उत्पन्नातून वजा होते: पहिल्या वर्षी ४० टक्के, मग तीन वर्षं २०-२०-२०. म्हणजे चार रिटर्न्समध्ये तुम्ही अख्खे ९ लाख खर्च म्हणून दाखवलेत आणि तेवढ्या रकमेवर कर भरला नाही. जुनी रिटर्न्स काढून बघा, सापडेल. कराच्या वहीत लेथची किंमत तेव्हापासून शून्य आहे.

आता तो ४ लाख २० हजारांना गेला. मग त्या यंत्रापायी तुमचा खरा खर्च किती झाला? ९ लाखांतून ४ लाख २० हजार वजा, म्हणजे ४ लाख ८० हजार. वजावट मात्र तुम्ही ९ लाखांची घेऊन बसलात. जास्तीची जी वजावट झाली ती कलम ८(४)(ए) खाली उत्पन्नात परत येते, आणि तीच रिकूपमेंट. तुम्ही ज्याला तोटा म्हणता ते ४ लाख ८० हजार घसाऱ्याच्या रूपाने तुम्हाला आधीच मिळून गेलेत. तेच पुन्हा कॅपिटल लॉस म्हणून धरले तर एका खर्चाची वजावट दोनदा होईल. म्हणून कायद्याच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे भांडवली नफ्याच्या नियमांत, विक्रीच्या रकमेतून रिकूपमेंट वजा करतात आणि बेस कॉस्टमधून, म्हणजे मूळ खरेदी किमतीतून, घेतलेला घसारा वजा करतात. तुमच्या लेथला दोन्हीकडे शून्य येतं. नफाही नाही, तोटाही नाही.

शेडचंही तसंच, फक्त तिथे विक्री मूळ किमतीच्या वर गेली. कारखान्याच्या इमारतीला वर्षाला ५ टक्के मिळतात. १४ लाखांचे ७० हजार, २०१५ ते २०२५ अशी अकरा कर वर्षं, झाले ७ लाख ७० हजार. कराच्या वहीत बांधकामाची किंमत उरली ६ लाख ३० हजार. तिथून मूळ १४ लाखांपर्यंतचा टप्पा म्हणजे रिकूपमेंट, तो पूर्ण करपात्र. १४ लाखांवरून २२ लाखांपर्यंतचे ८ लाख हा खरा भांडवली नफा. जमिनीला घसारा नसतो, म्हणून तिचे ४ लाख सरळ भांडवली नफ्यात. एकूण १२ लाख. व्यक्तीच्या बाबतीत त्यातले ४० टक्केच उत्पन्नात धरतात. इथपर्यंत त्याचा हिशेब चोख आहे.

तुम्हाला जे टोचतंय त्यातली एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मी नाकारणार नाही. वजावट तुम्ही वर्षानुवर्षं थोडी थोडी, कमी दराच्या टप्प्यात घेतली, आणि ती परत येतेय एकाच वर्षात, ४१ आणि ४५ टक्क्यांच्या टप्प्यात. कायदा तसाच आहे. लेथ फेब्रुवारीत आणि शेड मार्चनंतर विकली असती तर दोन कर वर्षांत विभागली गेली असती. आता तो मार्ग नाही.

पण मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, विक्रीच्या वेळी तुमचं वय किती होतं? दोन, धंद्याच्या नावावर आणखी काय काय होतं आणि त्याचं काय केलंत? बारीकसारीकही सांगा. तुमच्या प्रश्नात फक्त लेथ आणि शेड दिसतेय. एकाच लेथवर वीस वर्षं वर्कशॉप चालत नाही.

उद्यमनगरकर

ताई, लेथचं आता डोक्यात शिरलं. जुनी रिटर्न्स काढली. २०१७च्या रिटर्नमध्ये ३ लाख ६० हजार आणि पुढे तीन वर्षं १ लाख ८० हजार, अगदी तुम्ही म्हणालात तसं. त्या वर्षी कर कमी आला म्हणून मी खूश होतो, हेही आठवलं. हिशेबनिसाबद्दल मनात आणलं ते चूक होतं.

वयाचं मी त्याला विचारलं होतं, कारण ५५ नंतर काहीतरी सवलत असते असं ऐकलं होतं. तो म्हणाला, करारावर सही १८ ऑक्टोबर २०२४ची आहे आणि तुमचा वाढदिवस १४ नोव्हेंबरचा, त्या दिवशी तुम्ही ५४चे होतात, विषय संपला. चार आठवड्यांनी हुकलं.

बाकीच्या वस्तू. डिलिव्हरीची बकी (छोटा पिकअप ट्रक) २०१७ची, २ लाख ६० हजारांना घेतली होती. ती मुलाला दिली, त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, म्हणून हिशेबनिसाला सांगायचा प्रश्नच आला नाही. आज बाजारात ९० हजारांच्या आसपास येतील. आणि एक जुनं मिलिंग मशीन ऑगस्ट २०२२मध्ये दीड लाखाला घेतलं होतं. त्याचा गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीचा खर्च परवडेना, शेवटी भंगारवाल्याने १८ हजारांना उचललं. तेही तोट्यातच गेलं म्हणून लिहिलं नव्हतं.

पाइनटाउनचा सुतार

मध्येच विचारतो, माफ करा. माझं फर्निचरचं वर्कशॉप चालू आहे. पॅनेल सॉ विकून मोठा घ्यायचा आहे, जुन्याची किंमत घसाऱ्यात पूर्ण लिहून झालीय. मलाही हे रिकूपमेंट एकदम लागणार का?

वहीखाते, डर्बन

सुतारदादा, तुम्ही धंदा चालू ठेवताय, म्हणून तुमची गोष्ट वेगळी. आठव्या परिशिष्टातला परिच्छेद ६६ वाचायला सांगा हिशेबनिसाला. विक्रीतून आलेली रक्कम पूर्णपणे घसाऱ्याला पात्र अशा दुसऱ्या यंत्रात घातली, त्याचा करार बारा महिन्यांत झाला आणि ते तीन वर्षांच्या आत वापरात आणलं, तर रिकूपमेंट एकदम लागत नाही. नव्या यंत्राचा घसारा ज्या प्रमाणात मिळतो, त्याच प्रमाणात ती वर्षांवर विभागली जाते. मात्र हा पर्याय निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही.

आता उद्यमनगरकर दादा. तुमच्या उत्तरात एक चांगली आणि एक वाईट बातमी आहे. वाईट आधी सांगते.

बकी. पैसे घेतले नाहीत म्हणजे व्यवहार झाला नाही असं नसतं. ज्या वस्तूवर घसारा घेतला ती दान केली किंवा नात्यातल्या माणसाला दिली, तर कलम ८(४)(के) म्हणतं की ती बाजारभावाने विकल्यासारखीच धरायची. चार वर्षांत ती पूर्ण लिहून झालेली असणार. म्हणून ९० हजार रिकूपमेंट, ४१ टक्क्यांनी ३६ हजार ९०० कर. दानकर मात्र लागणार नाही, तेव्हा वर्षाला १ लाखापर्यंत सूट होती, त्या वर्षी दुसरं काही मोठं कुणाला दिलं नसेल तर. किंमत अंदाजाने लिहू नका. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच चाललेल्या बकीच्या दोन-तीन जाहिराती किंवा डीलरचं पत्र फाईलला लावा.

मिलिंग मशीन तुमच्या बाजूने आहे. वापरलेल्या यंत्राला १२सी खाली पाच वर्षं २० टक्के मिळतात. तीन वर्षांचे ९० हजार गेले, वहीत ६० हजार उरले, आले १८ हजार. हा ४२ हजारांचा तोटा खरा आहे, अजून तुम्हाला त्याची वजावट मिळालेली नाही. तो कॅपिटल लॉसमध्ये टाकू देऊ नका. कलम ११(ओ) खाली पर्याय निवडला तर तो सरळ उत्पन्नातून वजा होतो. १७ हजार २२० वाचतील. भंगारवाल्याची पावती आहे ना?

आता वयाचं, आणि हे नीट वाचा. सही १८ ऑक्टोबरची, हे ठीक. पण तुमच्या करारात खरेदीदाराला बँकेचा बाँड (मालमत्तेवरचं गहाणकर्ज) मंजूर होण्याची अट होती का? म्हणजे बाँड मिळाला नाही तर करार आपोआप रद्द, अशी? तशी अट असेल तर आठव्या परिशिष्टातल्या परिच्छेद १३ प्रमाणे विल्हेवाटीची, म्हणजे कराच्या दृष्टीने विक्री झाल्याची, तारीख ही अट पुरी झाल्याची तारीख असते. सहीची नव्हे आणि डीड्स ऑफिसमधल्या मालकीच्या नोंदणीचीही नव्हे. करार काढा, अट शोधा, मंजुरीचं पत्र शोधा.

हे एवढ्यासाठी की परिच्छेद ५७ मध्ये छोट्या धंद्याची सवलत आहे. विल्हेवाटीच्या वेळी वय ५५ पूर्ण, धंद्याच्या सगळ्या मालमत्तेचा बाजारभाव (तुमच्या वर्षाच्या नियमाप्रमाणे) १ कोटी रँडच्या आत, मालमत्ता किमान पाच वर्षं सलग तुमच्याकडे, तेवढा काळ तुम्ही स्वतः धंद्यात राबताय, आणि सगळी विक्री २४ महिन्यांत उरकलेली. तुम्ही विकलंत त्या वर्षी याची आयुष्यभराची मर्यादा १८ लाख होती. तुमचा नफा १२ लाख. अट १४ नोव्हेंबरला किंवा नंतर पुरी झाली असेल तर अख्खे १२ लाख बाजूला निघतात.

रिकूपमेंटला ही सवलत नाही, तेवढी आशा ठेवू नका. ती उत्पन्न म्हणून येते, भांडवली नफा म्हणून नाही.

उद्यमनगरकर

ताई, करार समोर घेऊन लिहितोय. कलम ७: खरेदीदाराला २२ लाखांचा बाँड मंजूर होईपर्यंत हा करार अमलात येणार नाही, आणि ३० नोव्हेंबरपर्यंत मंजुरी न आल्यास तो रद्द समजावा.

मग मंजुरी शोधली. कन्व्हेयन्सरच्या (मालमत्ता नावावर करून देणाऱ्या वकिलाच्या) ईमेलमध्ये सापडत नव्हती, शेवटी एजंटने पाठवलेल्या मेसेजला जोडलेली सापडली. बँकेचं पत्र, तारीख २७ नोव्हेंबर २०२४. मी तेरा दिवसांपूर्वीच ५५ पूर्ण केले होते. बायकोला हाक मारून दाखवली. ते दिवस मला चांगले आठवतात, कारण महिना संपत आला तरी बँक हो म्हणत नव्हती आणि मी रोज एजंटला फोन करून त्याचं डोकं खात होतो. तो उशीर झाला नसता तर आज हातात काही नसतं.

सगळी मालमत्ता धरून ३८ लाखांच्या वर जात नाही, त्यामुळे १ कोटीची अडचण नाही. दुसरा धंदाही नाही.

नवा आकडा मी स्वतः मांडला, बरोबर आहे का बघा. धंद्याचे ४ लाख ८० हजार, लेथ ४ लाख २० हजार, शेडची रिकूपमेंट ७ लाख ७० हजार, बकी ९० हजार, वजा मिलिंगचे ४२ हजार. एकूण १७ लाख १८ हजार. प्राथमिक सूट १७ हजार २३५ वजा करून कर ५ लाख ८६ हजार ६६४. आधीच्यापेक्षा १ लाख ८३ हजार २४० कमी.

वहीखाते, डर्बन

बेरीज बरोबर आहे. ९४ हजार तुम्ही भरलेत, ते त्यातून जातील.

एकच काळजी. फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या प्रोव्हिजनलमध्ये तुम्ही फक्त ४ लाख ८० हजारांचा अंदाज दिला असणार. करपात्र उत्पन्न १० लाखांच्या वर गेलं आणि अंदाज खऱ्या आकड्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर सार्स, म्हणजे इथलं कर खातं, कमी अंदाजाचा दंड लावते. ८० टक्के उत्पन्नावर जो कर येतो त्यातून तुम्ही वर्षअखेरपर्यंत भरलेला कर वजा करायचा, आणि फरकाच्या २० टक्के. तुमच्या बाबतीत ७० हजारांच्या थोडं वर जाईल. शिवाय सप्टेंबरअखेर टॉप-अप, म्हणजे कमी पडलेला कर, भरला नसेल तर १ ऑक्टोबरपासून व्याजही चालू आहे, म्हणून रिटर्न जानेवारीपर्यंत ताणू नका.

दंड लागला तर ई-फायलिंगवर माफीचा अर्ज करता येतो. मुद्दाम किंवा निष्काळजीपणे कमी दाखवलं नाही, हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. 'माहीत नव्हतं' एवढ्यावर भागत नाही. फेब्रुवारीत हिशेबनिसाला विक्रीची कागदपत्रं दिली होतीत का, त्याने काय सल्ला दिला, त्याचे ईमेल असतील तर जोडा.

पाइनटाउनचा सुतार

ताई, माझ्या जुन्या सॉची जाहिरात कालच टाकली होती. आज काढून घेतली. आधी नव्या मशीनचा भाव घेतो, मग हिशेबनिसाकडे जातो.

उद्यमनगरकर

डिसेंबर २०२४मध्येच मी त्याला लेथचं इन्व्हॉइस आणि शेडचा करार दोन्ही ईमेल केले होते. त्यावर 'वर्षअखेरीला बघू' असं उत्तर आहे. जोडतो.

भंगारवाल्याची पावती बकीच्या कप्प्यात होती, म्हणजे आता मुलाकडे. त्याला फोन केला, तो संध्याकाळी आणून देतोय, आणि येताना डीलरकडून बकीची किंमत लिहून आणतोय. बँकेचं पत्र आणि कलम ७चं पान हिशेबनिसाला आत्ताच पाठवलं. त्याने अर्ध्या तासात फोन केला. म्हणाला, अटीचं पान मी वाचलंच नव्हतं, सोमवारी आठ वाजता सगळं घेऊन या, बसून नवं करू.

ताई, तुम्ही वय विचारलं नसतं तर मी ते पत्र कधीच शोधलं नसतं. सोमवारी रिटर्न गेलं की इथे कळवतो.